डोकं ठिकाणावर आहे का? येस!

एखादं सॉफ्टवेअर सोर्समधून बिल्ड करायला, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः तयार करायला घेतलं की पहिल्या काही ओळींतच कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट स्वतःशी पुटपुटते, ‘चेकिंग व्हेदर बिल्ड एन्व्हायर्नमेंट इज सेन’. म्हणजे, जिथे बसून हे आरंभलंय तिथलं वातावरण शुद्धीवर आहे ना? पुढे तीन टिंबं येतात आणि मग उत्तर येतं, ‘येस’. लोणी काळभोरमध्ये बसून हे ‘येस’ वाचताना मला त्या स्क्रिप्टच्या भाबडेपणाचं फार कौतुक वाटतं. आमचं पोलीस ठाणं २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयात आहे आणि नळाचं पाणी ग्रामपंचायतीकडे. चोरी झाली तर आम्ही शहरातले, पाणी गेलं तर खेड्यातले. राज कपूरच्या शेतावर आता विद्यापीठ आहे आणि त्यात १६० फूट व्यासाचा विश्वशांती घुमट आहे. त्या शांततेपासून थोड्याच अंतरावर सोलापूर रस्त्यावर तेलाचे टँकर एकमेकांना हॉर्न देत उभे असतात. अशा एन्व्हायर्नमेंटविषयी इतक्या झटकन शब्द द्यायला इथला एकही माणूस धजावणार नाही.

ही तपासणी करते काय, तर एक रिकामी फाइल तयार करते आणि ती सोबत आलेल्या फायलींपेक्षा नवी दिसते का ते बघते. फोल्डरच्या नावात अवतरणचिन्ह, डॉलर असला काही आगाऊपणा नाही ना, तेही पाहते. बस्स. किती वाजलेत हे ज्याला कळतं आणि ज्याचं नाव सरळ आहे, तो शहाणा. ही व्याख्या लावली तर आमच्या इमारतीतली काही माणसं अडचणीत येतील, पण मशिनं बहुतेक सुटतात.

आता मुळात हे सगळं कशासाठी? तर आमचे घरमालक आबा. आबांकडे त्यांच्या आजोबांपासूनची दिंडीच्या हिशेबाची बाडं आहेत. तुकोबांची पालखी दर आषाढी वारीत लोणीला मुक्कामी असते, तेव्हा किती भाकरी थापल्या, तेलाचे किती डबे लागले, कुणाची वर्गणी आली आणि कुणाची ‘येणार’ म्हणून राहिली, हे सगळं त्यात म्हणे लिहिलेलं आहे. शिवाय काही छापील अहवाल. हे सगळं ‘कॉम्प्युटरात आलं पाहिजे, नुसता फोटो नको, शोधता आलं पाहिजे’ ही आबांची इच्छा. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा बार्शीचा पोरगा तिथेच उभा होता. तो म्हणाला, “आबा, टेसरॅक्ट टाकू. फुकट आहे, मराठी येतं त्याला.”

पोरगा खोटं बोलत नव्हता. टेसरॅक्ट म्हणजे छापलेल्या पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम. १९८५ ते १९९४ या काळात तो ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत तयार झाला, मग कपाटात पडून राहिला, २००५ साली कंपनीनं तो सगळ्यांसाठी खुला केला आणि २००६ ते २०१८ गूगलनं त्याचा पुढचा खर्च उचलला. त्याला मराठीचं मॉडेल आहे. पोरानं हा इतिहास सांगताना ‘एचपी’ असं म्हटलं, तेव्हा आबांनी समाधानानं मान हलवली. लोणीत एचपी म्हटलं की हिंदुस्तान पेट्रोलियमचं टर्मिनल, दुसरं काही नाही. कंपनी आपल्या गावचीच आहे म्हटल्यावर आबांचा विश्वास बसला आणि तो कुणी मोडला नाही.

उबंटू लिनक्सवर हे टेसरॅक्ट तयार मिळतं. एक ओळ टाकायची, चहा होईपर्यंत थांबायचं, झालं. पण पोरगा म्हणाला, “काका, ते पॅकेज जुनं असतंय. सोर्समधून बिल्ड करू.” किती जुनं, आणि त्या जुनेपणानं आबांच्या भाकऱ्यांच्या हिशेबात काय फरक पडणार होता, हे कुणी विचारलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या पोराला ‘जुनं’ ही शिवी वाटते. आबांना ती पदवी वाटते. दोघे एकाच टेबलाशी बसले होते.

पहिल्याच पावलाला ऑटोजेन नावाच्या स्क्रिप्टनं सांगितलं, ‘समथिंग वेंट राँग, बेलिंग आउट!’ काहीतरी बिघडलंय, मी निघते. इतका प्रामाणिक राजीनामा मी आजवर पाहिलेला नाही. ऑटोटूल्स नावाच्या संचातलं एक हत्यार मशिनवर नव्हतं, ते टाकलं. मग कॉन्फिगर सुरू झालं. सी कंपायलर चालतो का? येस. ऑब्जेक्ट फायलींचं शेपूट काय? ओ. आपण क्रॉस कंपाइल करतोय का? नो. ओळींमागून ओळी, आणि शेवटी, ‘लेप्टोनिका अमुक व्हर्जन किंवा त्यापुढचं लागेल’.

लेप्टोनिका ही चित्रं हाताळणारी लायब्ररी. ती मशिनवर होती, पण चालवण्यापुरती. तिच्या जिवावर दुसरं काही बिल्ड करायचं तर हेडर फायली लागतात आणि त्या ‘डेव्ह’ असं शेपूट लावलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात. फेडोरा लिनक्सवर तेच शेपूट ‘डेव्हल’ होतं, कारण दोन्ही घरांनी एकच नाव ठेवलं असतं तर लोकांना कामच उरलं नसतं. गंमत अशी की त्या एररमध्येच पुढे छापलेलं होतं, ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह पॅकेज टाकून बघा’. रोग आणि औषध एकाच ओळीत. पोरानं त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला, तिरका, अर्ध्या स्क्रीनवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब असलेला, आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकला : ‘भावांनो एरर येतोय’.

एरर वाचायचा नसतो, दाखवायचा असतो, अशी या पिढीची समजूत आहे. आमच्या पिढीची त्याहून वाईट आहे. आम्ही वाचतो, पण शेवटची ओळ. मेक नावाचा प्रोग्रॅम फोल्डरात फोल्डर असे उतरत जातो, आणि तळात एका फाइलमध्ये काही फिसकटलं की तीच बातमी पायरी पायरीनं वर पोचवतो. आधी ‘मेक[२]: एरर १’, मग ‘मेक[१]: एरर १’, मग सगळ्यात शेवटी ‘मेक: एरर २’. या शेवटच्या ओळीत काडीचीही माहिती नसते. खरं कारण चाळीस-पन्नास ओळी वर, एकदाच, बारक्या आवाजात सांगून झालेलं असतं. त्यातही पहिला एरर तेवढा खरा. एक हेडर सापडली नाही की तिच्यात सांगितलेली सगळी नावं कंपायलरला परकी वाटू लागतात, आणि तो प्रत्येक नावाला वेगळं रडतो. दोनशे एरर पाहून घाबरलेल्या माणसाच्या घरी बहुधा एकच हेडर हरवलेली असते.

ग्रुपवरून सल्ले यायला लागले. ‘सुडो लाव.’ ‘मेक क्लीन कर.’ ‘७७७ परमिशन दे.’ ‘उबंटू परत टाक.’ एकानं लिहिलं, ‘मला पण आलता, आपोआप गेला’. या शेवटच्या सल्ल्यात मला अध्यात्म दिसलं. आबांचा सल्ला मात्र सरळ होता. “अरे, माणूस बोलव ना याच्यातला.” लोणी स्टेशन चौकात मोटर रिवाइंडिंगवाला मिळतो, जेसीबी मिळतो. याच्यातला माणूस कुठे मिळतो, हे त्या पोराला आबांना सांगता येईना, कारण आबांच्या समजुतीप्रमाणे याच्यातला माणूस तोच होता.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे सर आले. सर क्लासमध्ये सी लँग्वेज शिकवतात. त्यांनी पेन ड्राइव्हवर आपले प्रोग्रॅम आणले होते. म्हणाले, “मशिनचा कंपायलर नीट आहे का ते आधी बघू. हे माझे चालतातच.” महाराष्ट्रातल्या ज्यांनी ज्यांनी टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर कॉलेज काढलं, त्यांना सरांचे प्रोग्रॅम न बघता पाठ असतील. वर कोनिओ डॉट एच, मग व्हॉइड मेन, मग क्लिअर स्क्रीन, शेवटी गेटसीएच, म्हणजे उत्तर दिसेपर्यंत पडदा थांबावा. जीसीसी नावाच्या कंपायलरनं पहिल्याच ओळीला हात वर केले : ‘कोनिओ डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. कोनिओ ही डॉसची सोय, लिनक्सवर ती कधीच नव्हती. सर म्हणाले, “पूर्वी चालायचं.”

दुसरा प्रोग्रॅम त्यांनी नोट्सच्या पीडीएफमधून उचलला होता. त्यावर ‘स्ट्रे \३४२ इन प्रोग्रॅम’, ‘स्ट्रे \२००’, ‘स्ट्रे \२३४’ अशी माळ लागली. मी वाकून पाहिलं. प्रिंटएफच्या कंसातली अवतरणचिन्हं वळणदार होती. वर्डनं ती दिसायला छान म्हणून वळवली, आणि असल्या एका वळणदार चिन्हाचे युनिकोडमध्ये तीन बाइट होतात : ३४२, २००, २३४. कंपायलरला फक्त सरळ खडी रेघ कळते. सरांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “मला दोन्ही सारखीच दिसतात.” त्यांचं चुकलं नव्हतं. छापील नोट्समधून हा प्रोग्रॅम हातानं टाइप करणारी पिढी सुखी होती, कॉपी-पेस्ट आलं आणि सौंदर्यदृष्टी अंगाशी आली.

तिसरा प्रोग्रॅम सगळ्यात जुना आणि सगळ्यात साधा. त्यात सरांनी एक फंक्शन वापरलं होतं, पण ते आहे असं आधी कुठे जाहीर केलं नव्हतं. पूर्वीच्या सीमध्ये हे चालायचं. कंपायलर समजून घ्यायचा की हे कुठेतरी असेल, पूर्णांक परत देत असेल, कशाला उगाच विचारा. १९९९ च्या मानकानं हा कारभार बंद केला. पण जीसीसी पुढची पंचवीस वर्षं फक्त वॉर्निंग देत राहिला, आणि मे २०२४ मध्ये जीसीसी १४ आला तेव्हा त्या वॉर्निंगचा एरर झाला. आमच्याकडे हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडला अतिक्रमणाची नोटीस येते तसाच हा प्रकार. पहिली नोटीस येते तेव्हा मालक तरुण असतो. तो ती फ्रेम करून शेडमध्येच लावतो. पोरं मोठी होतात, शेडचं हॉटेल होतं, आणि एके सकाळी जेसीबी येतो तेव्हा सगळे विचारतात, अहो पण असं अचानक कसं?

सरांचा कोड एका अक्षरानंही बदललेला नव्हता. सोर्समधून बिल्ड करण्यातला अर्धा मनस्ताप हाच आहे. आपण काही केलेलं नसतं. कोड जागच्या जागी पडलेला असतो आणि भोवतालचं गाव बदलत जातं. २०२० साली जीसीसी १० नं ठरवलं की एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फायलींत मांडून ठेवलेलं खपवून घेणार नाही, आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ची लाट आली. २०२५ च्या जीसीसी १५ नं सीचं २०२३ चं मानक गृहीत धरलं. त्यात ‘बूल’ हा भाषेचाच शब्द झाला, त्यामुळे ज्या ज्या शहाण्यानं वीस वर्षांपूर्वी स्वतःचा ‘बूल’ घरी तयार केला होता तो गुन्हेगार ठरला. ‘जुन्या मानकानं चाल’ असं कंपायलरला एका पर्यायानं सांगता येतं. तो ऐकतो. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ‘बघा, म्हणजे मी बरोबर होतो’ असा भाव आला.

जीसीसीबद्दल चीड येते तेव्हा मी मुंबईच्या आयआयटीतल्या प्रा. उदय खेडकरांचं स्मरण करतो. ते पूर्वी पुणे विद्यापीठात शिकवायचे. नंतर आयआयटीत त्यांनी जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि जीसीसीच्या पोटात काय चालतं ते लोकांना कार्यशाळा घेऊन शिकवलं. जिथे आपण बाहेरून दार वाजवून दमतो, तिथे एक मराठी माणूस आत शिरून दिवे लावून लोकांना घर दाखवत होता. हा कंपायलर बिल्ड होतो तोही थाटात. आधी जुन्या कंपायलरनं नवा करायचा, मग त्या नव्यानं स्वतःला पुन्हा करायचं, मग त्यानं पुन्हा एकदा, आणि शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या ऑब्जेक्ट फायली ताडून बघायच्या. जुळल्या नाहीत तर काम रद्द. बार्शीच्या पोराचे डोळे हे ऐकताना चमकले, तेव्हा मी विषय बदलला.

लेप्टोनिका-डेव्ह आली, कॉन्फिगर पार पडलं, आणि मेकची पाळी आली. मेक हा १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं लिहिलेला प्रोग्रॅम. मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो. दिसायला तितकीच जागा सोडणाऱ्या स्पेस दिल्या तर ‘मिसिंग सेपरेटर. स्टॉप.’ म्हणून तो थांबतो. फेल्डमनला ही खोड लवकरच लक्षात आली होती. पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरायला लागले होते आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यानं ती तशीच ठेवली. त्या डझनभर मित्रांची भीड पडली आणि त्यानंतरच्या सगळ्या जगानं टॅब दाबला. हा माणूस बेल लॅब्जमध्ये कसा पोचला, त्याचं मूळ सदाशिव पेठेतलं असणार, अशी माझी शंका आहे. पेठेत भिडेखातर काही ठेवत नाहीत हे खरं, पण एकदा ठेवलेलं काढतही नाहीत.

पोरानं कुणाचं तरी ऐकून मेकला ‘जे’ जोडला. एका वेळी किती फायली घ्यायच्या तो आकडा ‘जे’पुढे द्यायचा असतो. आकडा नाही दिला तर मेक म्हणतो, सगळ्या. आबांच्या जुन्या डेस्कटॉपची मेमरी केवढी, सीपीयूचा पंखा केवढा! माउस थांबला, पंखा टँकरच्या वर आवाज करू लागला, आणि पडद्यावर आलं : ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’. मेमरी संपली की लिनक्सचं कर्नल एखाद्या खादाड प्रोग्रॅमला गाठून ठार करतं, ते त्यानं केलं. त्यात कोडची काही चूक नसते. आबा लांबून एवढंच वाचू शकले, ‘किल्ड’. म्हणाले, “आता कुणाला मारलं रे?”

मग ‘जे२’ लावून काम मार्गी लागलं तर वार गुरुवार. पुण्यात आणि आसपास गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे लहान पोरांनाही माहीत असतं. डेस्कटॉप पटकन बंद. संध्याकाळी लाईट आल्यावर मेक पुन्हा सुरू केला. मेकचा खरा गुण असा की तो झालेलं काम परत करत नाही. ऑब्जेक्ट फाइल सोर्सपेक्षा नवी दिसली की समजतो, हे झालंय, पुढे चला. पण लाईट गेली त्या क्षणी जी फाइल अर्धी लिहून झाली होती, तीही सोर्सपेक्षा नवीच. मेक तिला नमस्कार करून पुढे गेला. सगळं जोडायची वेळ आली तेव्हा लिंकरनं पकडलं : ‘फाइल नॉट रेकग्नाइज्ड: फाइल ट्रंकेटेड’. इथे मेक क्लीनचा तो सल्ला खरोखर लागू पडला, आणि ग्रुपवर ज्यानं तो दिला होता तो त्या दिवसापासून एक्सपर्ट म्हणून मिरवतोय.

शेवटी एकही एरर न येता मेक संपला. पोरानं इन्स्टॉल केलं, प्रोग्रॅम चालवला, तर ‘लिबटेसरॅक्ट डॉट एसओ डॉट ५ उघडता येत नाही’. फाइल तिथेच होती, युझर-लोकल-लिबमध्ये, त्यानंच मिनिटापूर्वी ठेवलेली. पण लायब्ररींची जी यादी मशिन बघतं तिच्यात तिची नोंद नव्हती. एलडीकॉन्फिग चालवलं, नोंद झाली. आबांना हे मात्र एका झटक्यात पटलं. “म्हणजे घर बांधलं, पण उताऱ्यावर चढवलं नव्हतं.” पुन्हा चालवला तर ‘इंग्लिशचा डेटा नाही’. इंग्लिश कुणी मागितलं होतं? पण भाषा सांगितली नाही तर तो इंग्लिश धरतो. मराठीची फाइल उतरवून योग्य फोल्डरात ठेवली, भाषा ‘मार’ सांगितली. आबांनी एवढ्यात दुसऱ्यांदा मारामारीचा शब्द ऐकला आणि काही बोलले नाहीत.

छापील अहवालाचं एक पान दिलं. मिनिटभरानं मराठी मजकूर आला. जोडाक्षरं बऱ्यापैकी, रफार थोडे इकडेतिकडे, पण ‘सभासद’, ‘शिल्लक’, ‘मागील वर्षी’ हे सगळं स्वच्छ, शोधता येणारं. सर टाळ्या वाजवायला उठले. आबा खूश होऊन आत गेले आणि लोखंडी ट्रंक घेऊन आले. “हे झालं पाहुण्यांपुरतं. आता खरं काम घे.” लाल फडक्यात बांधलेलं आजोबांचं पहिलं बाड त्यांनी उघडलं. वर एक आडवी रेघ आणि तिला लोंबकळणारी, हात न उचलता लिहिलेली, एकमेकांत गुंतलेली अक्षरं. पान भरून मोडी.

टेसरॅक्टच्या तयार मॉडेलांत मोडी नाही. युनिकोडमध्येच ती २०१४ साली आली. खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बार्शीच्या पोरानं बोटं मोडली आणि म्हणाला, “शिकवू की त्याला. ट्रेनिंगची टूल्स येतात टेसरॅक्टसोबत. वेगळी बिल्ड करावी लागतील, बास.” त्यानं यादी वाचायला सुरुवात केली. “पँगो लागेल, कैरो लागेल, आयसीयू लागेल...”

आबा ट्रंकेवरून उठून उभे राहिले. “आयसीयू? अरे, कुणाला काय झालं?”